तपासनीस ब

३ मार्च, सोमवार

आजपासून दैनंदिनी लिहायची असं ठरवलं आहे. मोठं काम हाती घेतलेल्या माणसाने लिहावी, आणि आमच्या फिजिओथेरपी विभागात आजवर आलेलं सगळ्यात मोठं काम आज माझ्या हाती आलं. म्हणजे माझ्या आणि हिच्या. ही म्हणजे माझी बायको. ती याच विभागात काम करते, माझ्या शेजारच्या खोलीत. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली आहेत की रुग्णसुद्धा आम्हाला नावं ठेवायची तर जोडीनेच ठेवतात.

सकाळी विभागप्रमुख मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. मानेच्या स्नायूंचा दम पाहायला आम्ही दोन चाचण्या करतो. पहिलीत रुग्णाला उताणं झोपवायचं, हनुवटी आत घेऊन डोकं टेबलापासून जेमतेम उचलायला सांगायचं, खाली आपला तळहात धरायचा आणि डोकं तळहातावर टेकेपर्यंतचा वेळ मोजायचा. दुसरीत कपाळावर हात ठेवून डोकं खाली दाबायचं, आणि माणूस किती जोराने विरोध करतो ते बघून शून्य ते पाच गुण द्यायचे. मॅडम म्हणाल्या, "हे आपण वर्षानुवर्षं डोळे झाकून करतो. पण एकाच माणसाला दोघांनी तपासलं तर दोघांचे आकडे जुळतात का, हे कुणी पाहिलंय?" कुणीच पाहिलं नव्हतं. सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले.

दोन तपासनीस हवे होते. कुणाची बदली निघाली, कुणाचं बाळंतपण, कुणाला अचानक पाठदुखी. उरलो आम्ही दोघं. कागदोपत्री मी तपासनीस अ आणि ही तपासनीस ब. "अ तू का?" असं हिने विचारलं. वर्णमालेत अ आधी येतो, असं मी सांगितलं. ती हसली. तिला समजावून सांगितलं की पटतं.

घरी येताना बसमध्ये ही हनुवटीखाली मूठ टेकवून बसली होती. जबाबदारी अंगावर आली की माणूस विचारात पडतोच.

४ मार्च, मंगळवार

आज आकडेकाका आले. हे संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आमचे आकडे जुळतात की नाही ते हिशेब करून हेच सांगणार. बसायच्या आधीच म्हणाले, "नवरा-बायको? मग आटोपलंच सगळं."

त्यांचं म्हणणं असं की तपासनीस स्वतंत्र हवेत. एकाने दुसऱ्याला काही सांगायचं नाही, सुचवायचं नाही. स्वयंसेवकांबद्दल नाहीच, मानेबद्दलही नाही. एकाची भुवई वर गेली तरी दुसऱ्याचा आकडा बिघडतो म्हणे.

"आणि घरी?" हिने विचारलं.

"घरीसुद्धा."

"मग आम्ही बोलायचं काय?"

"एरवी काय बोलता?"

आम्ही दोघांनी आठवून पाहिलं. "मानांबद्दल," ही म्हणाली.

मी काकांना शब्द दिला की अभ्यास संपेपर्यंत आमच्या घरात मानेचा म निघणार नाही. ही म्हणाली, "काका, याला एक पाऊल सांगितलं की हा चार जातो, जपून." काकांना माझी तळमळ आवडली असावी. निदान त्यांनी चष्मा पुसला.

६ मार्च, गुरुवार

पहिला स्वयंसेवक म्हणून आमच्या फाटकावरचे पहारेकरी आले. उताणे झोपले. मी ठरलेली सूचना वाचली, "डोकं किंचित उचला आणि तसंच धरा." त्यांनी उचललं आणि धरलं.

साधारणपणे माणूस थोड्या वेळाने थरथरतो, कण्हतो, टेकतो. पहारेकरी छताकडे बघत राहिले. माझ्या हाताला मुंग्या आल्या. चहा आला, तो मी डाव्या हाताने प्यायलो. मी विचारलं, "दमलात का?" ते म्हणाले, "ड्युटीवर दमायचं नसतं." शेवटी मॅडम आल्या, त्यांनी एकंदर प्रकार पाहिला आणि "विश्राम" असं म्हणाल्या. पहारेकऱ्यांनी डोकं टेकलं, आणि बूट घालून फाटकावर गेले.

आकडेकाका म्हणाले, "तुमची पट्टी संपली आणि माणूस उरला. असं होतं." हे वाक्य मला आवडलं.

दुपारी त्याच पहारेकऱ्यांना हिने तपासलं. तिचा आकडा मला माहीत नाही आणि माहीत नसणं हेच माझं काम. पण नंतर ती बाहेरच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून बसलेली दिसली. तिच्याही हाताला मुंग्या आल्या असणार.

१० मार्च, सोमवार

जेवताना ही सहज बोलून गेली, "आज त्या गाण्याच्या बाईंची..." मी तत्काळ दोन्ही कानांत बोटं घातली. उजव्या बोटाला आमटी लागलेली होती. अनर्थ थोडक्यात टळला.

यावर मी कायमचा तोडगा काढला आहे. आम्ही एकमेकांशी थेट बोलायचंच नाही. जे बोलायचं ते आईमार्फत. आईला मानेतलं काही कळत नाही, त्यामुळे ती निर्दोष माध्यम आहे. आईने आनंदाने होकार दिला. वडील गेल्यापासून तिला एवढं महत्त्वाचं काम कुणी दिलं नव्हतं.

पहिला प्रयोग लगेच केला. मी म्हटलं, "आई, तिला म्हणावं जरा मीठ दे."

आई म्हणाली, "सूनबाई, तो म्हणतोय भाजी अळणी झालीय."

ही म्हणाली, "त्याला सांगा, भाजी त्यानेच केलीय."

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "ती म्हणते, तुझं चुकलं."

थोडी मोडतोड होते, पण आशय पोचतो.

१२ मार्च, बुधवार

बोलणं बंद झालं, पण भुवया उरल्याच. विभागात तीन पाखांचा घडीचा पडदा पडून होता, तो मॅडमच्या परवानगीने घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर मधोमध उभा केला. आता माझ्या बाजूला मी, तिच्या बाजूला ती, आणि टेबलाच्या टोकाला दोन्हीकडे बघत आई. आई म्हणाली, "मला मॅच बघायला बसल्यासारखं वाटतंय."

याच ओघात आणखी एक सुधारणा. या दैनंदिनीतही तिला मी 'ही' म्हणणार नाही. 'ही' म्हटलं की नवरेपणा आला, नवरेपणा आला की पक्षपात आला. यापुढे तपासनीस ब, थोडक्यात ब.

ब सध्या संध्याकाळी आल्या आल्या आडवी होते. पूर्वी आल्यावर तासभर माझी नक्कल करून आईला हसवायची. घर शांत झालं आहे. कामासाठी चांगलंच आहे.

१५ मार्च, शनिवार

आज नियमांची खरी कसोटी लागली.

चहाच्या वेळी आई पडद्याला वळसा घालून माझ्याकडे आली. म्हणाली, "तिला तुझ्याशी बोलायचंय."

"तू सांग ना मग."

"मला नाही सांगता येत. ज्याचं नाव काढायचं नाही ना, त्याबद्दल आहे."

"कुणाच्या?"

"तिच्या स्वतःच्या."

मी बराच विचार केला. नियमात स्वयंसेवकांची मान असं म्हटलेलं नाही, मान असं म्हटलं आहे. आज तिच्या मानेला सूट दिली तर उद्या माझ्या मानेला द्यावी लागेल, मग शेजाऱ्यांच्या, आणि पुढे धरबंद राहणार नाही. मी निरोप दिला की अभ्यास संपल्यावर आपण या विषयावर हवं तितकं बोलू.

मग पडद्यावरून थेट आवाज आला. "ऐक ना. दोन मिनिटं. मला जरा भीती वाटतेय."

इथे दुसरा एखादा विरघळला असता. मी कानांत बोटं घालून मोठमोठ्याने एकोणतीसचा पाढा म्हणू लागलो, कारण सोपा पाढा म्हणताना ऐकू येतं. संपवून बोटं काढली तेव्हा ब आतल्या खोलीत गेली होती. आई म्हणाली, "सातव्याला चुकलास."

भीती कसली वाटत असेल ते मी ओळखलं आहे. आकडे जुळणार नाहीत, याची. मलाही वाटते.

१८ मार्च, मंगळवार

ब रुसली आहे. पुरावे लिहून ठेवतो.

एक, ती सगळ्यांशी नाकात बोलते, तेही फक्त संध्याकाळी. सकाळी आवाज चांगला खणखणीत असतो. दोन, जेवण अर्धं टाकून उठते. आई सांगते की घास चावताना जबड्याला हात लावून बसते, जणू आमच्या घरचं अन्न दगडाचं आहे. तीन, परवा पडदा वाऱ्याने हलला तेव्हा दिसलं, एक डोळा अर्धा मिटून माझ्याकडे बघत होती. सोनार दागिना पारखतो तसं.

चौथा पुरावा सगळ्यात टोचणारा. संध्याकाळी मी दारात उभा राहून चपला काढत होतो. ब आईला म्हणाली, "ते दोघं कोण आलेत?" मी एकटाच होतो. मी नवरा आणि तपासनीस अशी दुहेरी भूमिका करतो आहे, त्यावरचा हा टोमणा न कळण्याइतका मी दुधखुळा नाही. मी चपला सरळ लावून ठेवल्या. आई मात्र उठून दाराबाहेर बघून आली.

२१ मार्च, शुक्रवार

आकडेकाकांनी मला बाजूला घेतलं. "हे तुम्हाला सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही," असं म्हणाले, आणि मी कानाशी बोटं नेईपर्यंत सांगूनही टाकलं. सकाळी तपासलेल्या माणसांचे आमचे आकडे छान जुळतात. दुपारच्यांचे पार विस्कटतात. कपाळ दाबायच्या चाचणीत तर दुपारनंतर ब जो येईल त्याला पाचपैकी पाच देते. गाण्याच्या बाईंना पाच. आमच्या पार वाकलेल्या टपालवाल्यांना पाच. "तुमच्या बाई दुपारी फार उदार होतात," काका म्हणाले. "अशाने चाचणीवर विश्वास ठेवता येणार नाही, असाच निष्कर्ष निघेल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे हा सूड होता. मी पाढे म्हटले म्हणून ब माझा अभ्यास बुडवणार. घरी आल्यावर थेट विचारणं नियमात बसत नव्हतं, म्हणून आईला मोघम निरोप दिला, "तिला विचार, हल्ली लोकांशी इतकी उदार का वागते?"

आई पडद्यामागे गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली. "ती म्हणते, उदार नाही. दुपारनंतर सगळेच तिला स्वतःपेक्षा बलवान वाटतात."

हा विनय आहे की कुत्सितपणा, हे मला रात्रीच्या जेवणापर्यंत ठरवता आलं नाही. शेवटी कुत्सितपणा असं ठरवलं.

२४ मार्च, सोमवार

ब आता माझ्याशी बोलायचा प्रयत्न करत नाही. निरोपही येत नाहीत. आई रिकामी बसून कंटाळते आणि स्वतःच्या मनाने निरोप तयार करते. आज म्हणाली, "ती म्हणते, तू वाळलास." ब असं म्हणाली नसणार.

संध्याकाळी आतल्या खोलीतून स्टॉपवॉचचा आवाज येतो. टिक, आणि लगेच टिक. थोडं थांबून पुन्हा टिक, आणि लगेच टिक. ब बोटाचा सराव करते आहे. आमच्यात मतभेद असले तरी तिची कामावरची निष्ठा मी नाकारत नाही.

मला करमत नाही. हे इथे लिहून ठेवतो, कारण सांगायला आईशिवाय कुणी नाही आणि आईला हे सांगता येत नाही. बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसतो. तिची खिडकी पुढे, माझी मागे. आज संपूर्ण प्रवासभर तिचं डोकं खाली झुकलेलं होतं, हनुवटी छातीला लागलेली. माझ्याकडे वळून बघायचं नाही म्हणून इतकं करायचं. मला फार वाईट वाटलं.

२९ मार्च, शनिवार

गाण्याच्या बाईंच्या थोरल्या बहीण आमच्या शेवटच्या स्वयंसेवक होत्या. त्यांना सर्दी झाली आणि त्यांनी अंग काढून घेतलं. एक माणूस कमी पडला. मॅडमनी मला फाटकावर पाठवलं, पण पहारेकरी म्हणाले, "माझं झालंय, साहेब. माझं पुन्हा केलंत तर बाकीच्यांवर अन्याय होईल." त्यात तथ्य होतं.

घरी आल्यावर आज बऱ्याच दिवसांनी निरोप आला. आई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "शेवटचा माणूस ती आणणार आहे. मंगळवारी. तुझी वेळ दुपारी सगळ्यात शेवटची. सकाळची चालणार नाही. आणि कोण आहे ते विचारायचं नाही."

मंगळवारी एक एप्रिल आहे. माझ्या नजरेतून हे सुटलेलं नाही.

१ एप्रिल, मंगळवार

सगळं क्रमाने लिहितो.

दुपारी शेवटच्या वेळेला मी तपासणीच्या खोलीत गेलो. टेबलावर ब आडवी झाली होती. बूट काढून, केस सोडून, स्वयंसेवकांसारखी. मी दारात थांबलो.

"स्वयंसेवक कुठे आहे?"

"मीच. ये. सूचना वाच."

"आज तारीख कोणती आहे ते मला माहीत आहे."

"मलाही. वाच."

मी स्टॉपवॉच घेतलं, तळहात तिच्या डोक्याखाली धरला आणि ठरलेली सूचना वाचली. "उताण्या झोपा. हनुवटी आत घ्या. डोकं टेबलापासून किंचित उचला आणि तसंच धरा. काही त्रास झाला तर लगेच सांगा." स्वतःच्या बायकोला अहोजाहो करताना जीभ अडखळली.

"बरं," ती म्हणाली, आणि डोकं उचललं. ते लगेच माझ्या तळहातावर आलं.

"नीट करा," मी म्हटलं.

"नीटच करतेय."

मला वाटलं, फजिती करायची आहे माझी. कुठेतरी आकडेकाका लपले असतील. पण नियमाप्रमाणे थोडी विश्रांती देऊन पुन्हा करायला लावलं. या वेळी डोकं जरा जास्त टिकलं. लगेच परत करायला लावलं, तर पहिल्यापेक्षाही कमी. मी इतकी वर्षं माना तपासतो आहे. सोंग करणारा माणूस दर वेळी सारखंच सोंग करतो. विश्रांतीने सुधारणारं आणि कामाने ढासळणारं सोंग कुणालाही जमत नाही.

मग मी कपाळावर हात ठेवला. दाबायची गरजच पडली नाही. एक बोट पुरलं.

आमच्यात पडदा नव्हता. तीन आठवड्यांत मी तिचा चेहरा इतक्या जवळून पाहिला नव्हता. डावी पापणी अर्ध्यावर लोंबत होती. ती वर उचलायचा ती प्रयत्न करत होती आणि पापणी ऐकत नव्हती. ती मला पारखत नव्हती. ती तशी कधीच बघत नव्हती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आधी आकडा लिही."

"खड्ड्यात गेला आकडा."

"लिही. नाहीतर माझे इतके दिवस वाया जातील." ती नाकात बोलत होती, पण हुकूम स्पष्ट होता. मी एका हाताने लिहिलं. पहिल्या चाचणीत तीन सेकंद, दुसरीत दोन गुण. दुसरा हात तिच्या डोक्याखाली होता. चाचणी संपल्यावर तपासनीसाने हात काढून घ्यावा, असं सूचनांमध्ये आहे. मी काढला नाही.

"किती?" तिने विचारलं.

"तीन. आणि दोन."

तिने डोळे मिटले. "माझाही तीनच येतोय. रोज संध्याकाळी. स्वतःच्याच हातावर डोकं टेकवून."

मग तिने सगळं सांगितलं. फेब्रुवारीपासून मान दमायला लागली होती. सकाळी काही नाही, दिवस चढला की डोकं जड. मग एकाचे दोन दिसायला लागले. मग चावता येईना. दुपारी कुणाचं कपाळ दाबायला हात उचलला तर हातात जोरच नसायचा, समोरचा प्रत्येक माणूस पहिलवान वाटायचा. "म्हणून सगळ्यांना पाच," ती म्हणाली. "मला जे जाणवलं तेच लिहिलं. खोटं एकही लिहिलं नाही."

"मला सांगायचं होतंस."

"आले होते ना. तू पाढे म्हणत होतास."

मी पेन खाली ठेवलं.

"त्या दिवशी खूप राग आला तुझा," ती म्हणाली. "मग वाटलं, एका परीने बरंच झालं. मला अंदाज आला होता काय असेल याचा. पण एकटीच्या आकड्यावर माझा विश्वास बसेना, घाबरलेल्या माणसाचा आकडा तो. आणि तुला सांगितलं असतं तर तू काळजीने तपासलं असतंस. मला काहीही ठाऊक नसलेला तपासनीस हवा होता." ती थोडी थांबली. बोलूनही दमली होती. "तुझ्याइतकं काहीही ठाऊक नसलेलं दुसरं कोण मिळणार होतं?"

"आणि माझा आकडा चांगला आला असता तर?"

"तर मी खुशाल चुकीची ठरले असते. त्यासाठीच थांबले होते."

मॅडम दार उघडून आत आल्या, आम्हाला बोलताना पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, नियम." मी त्यांना म्हटलं की मज्जातंतूंच्या डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता बोलवा. माझा आवाज बहुधा मोठा झाला होता. फाटकावरून पहारेकरी धावत आले.

२ एप्रिल, बुधवार

तिला वॉर्डात ठेवलं आहे. डॉक्टरांनी हाताला तारा लावून तपासणी केली, रक्त घेतलं, छातीचा फोटो काढला. आजाराचं नाव लांबलचक आहे. नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचता पोचता विरतो, आणि जितकं काम करावं तितका जास्त विरतो. निरोप निघतो बरोबर, मधल्या माध्यमात घोटाळा होतो. हे ऐकताना आई माझ्या शेजारी बसली होती. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मी तर सगळे नीट पोचवत होते रे."

यावर औषध आहे. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले की आणखी थोडे दिवस गेले असते तर श्वासाला त्रास झाला असता. मग विचारलं, "हे कुणी पकडलं?"

"दोघांनी," ती म्हणाली. "स्वतंत्रपणे."

मी बाहेरच्या बाकावर येऊन बसलो आणि रडलो. हिच्याबद्दल मी या वहीत काय काय लिहिलं आहे ते आठवत होतं. पुरावे सगळे बरोबर होते. एक, दोन, तीन, चार, सगळे.

५ एप्रिल, शनिवार

आकडेकाका भेटायला वॉर्डात आले. येताना फळं आणि निष्कर्ष असं दोन्ही घेऊन आले. दुपारचे सगळे आकडे बाद करावे लागणार, कारण तपासनीसच आजारी. सकाळचे तेवढे चालतील. "तर आपला निष्कर्ष असा," ते म्हणाले, "की चाचण्या विश्वासार्ह आहेत, फक्त कोण तपासतंय त्याला आधी तपासून घ्यावं."

ही म्हणाली, "आणि आमचा शेवटचा आकडा?"

काकांनी चष्मा पुसला. "दोघांचेही तीन. संपूर्ण अभ्यासात तंतोतंत जुळलेली तेवढी एकच जोडी आहे. पण एका तपासनीसाने स्वतःलाच तपासलेलं आहे. ती धरता येणार नाही."

"धरू नका," मी म्हटलं. "ती आमच्याकडे राहू दे."

२० एप्रिल, रविवार

ही घरी येऊन आठवडा झाला. गोळ्या लागू पडल्या आहेत. पापणी जागेवर आली, मी आता तिला एकटा दिसतो. काल संध्याकाळी तिने माझी नक्कल केली, कानांत बोटं घालून, एकोणतीसच्या पाढ्यासकट. सातव्याला मुद्दाम चुकली. आई हसून हसून खोकली. मला हसता आलं नाही, तेव्हा हिने माझ्या पाठीवर थाप मारली आणि पुढचा आकडा स्वतःच म्हटला.

पडदा परत न्यायला मॅडमनी माणूस पाठवला होता, पण आईने त्यावर कपडे वाळत घातले होते. आईची नोकरी गेली तरी सवय गेलेली नाही. मी समोर बसलेला असताना हिला सांगते, "तो म्हणतोय, औषध घे." मी म्हटलेलं नसतं. पण या वेळी निरोप बरोबर असतो.

डॉक्टरांनी रोज संध्याकाळी मानेचा दम मोजून लिहायला सांगितलं आहे. ही गादीवर उताणी झोपते, मी डोक्याखाली तळहात धरतो. स्टॉपवॉच माझ्याकडे. ती मनातल्या मनात मोजते आणि शेवटी तिचा आकडा सांगते. भरभर मोजते, हे मला माहीत आहे. रोज यावरून भांडण होतं, मोठ्याने, थेट, कुणाच्याही मार्फत नाही.

आजही आकडे जुळले नाहीत. तिचा बराच जास्त होता. मी तिचा लिहिला.